बिडीच्या कागदावरील दैवते

समीक्षा म्हटली की ती ग्रंथाची, नाटकाची, फार तर चित्रपटाची, असा संकेत आपल्याकडे पडून गेला आहे. जो मजकूर दिवसातून दहा वेळा खिशाबाहेर येतो आणि ज्याचा वाचक बहुधा दुसरे काहीच वाचत नाही, त्या मजकुराकडे मात्र समीक्षकाची दृष्टी वळत नाही. बिडीच्या कट्ट्यावरील कागद हा असा मजकूर आहे. त्याला चित्रकार आहे, प्रकाशक आहे, आणि कोणत्याही कादंबरीच्या वाट्याला यावयाचा नाही इतका खप आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीत देशातील प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक बिडी ओढताना आढळले, सिगारेट ओढणारे ४ टक्के. सिगारेटच्या वेष्टनाविषयी इंग्रजी पत्रांत लेख येतात. त्याच्या जवळजवळ दुप्पट लोकांच्या हाती असलेला हा कागद कोणी उलगडून पाहत नाही, याचे कारण तो गरिबाचा कागद आहे हेच असावे.

हुमनाबादसारख्या गावी राहणाऱ्यास या कागदाचे सामर्थ्य चटकन उमगते. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरील हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते म्हैसुरात आले. परंतु बाजारातील बोली सरकारी नकाशा पाहून बदलत नसतात. येथे कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा एका पानपट्टीसमोर उभ्या असतात, आणि चारींच्या लिप्या वेगळ्या. ओझे वाहणारास किंवा ऊसतोडीस निघालेल्या मजुरास त्यांपैकी एकही लिपी सहज वाचता येईल असा भरवसा नाही. अशा ठिकाणी चतुर व्यापारी अक्षरावर विसंबत नाही, तो चित्रावर विसंबतो. हैदराबादच्या वझीर सुलतान कंपनीने आपल्या स्वस्त सिगारेटीस ‘चारमिनार’ हे नाव दिले तेव्हा निजामी मुलखातील प्रत्येकास ओळखीची असलेली वास्तू तिने पाकिटावर आणली. ‘चार मिनारवाली’ म्हटले की झाले. वाचण्याची गरजच उरली नाही.

वास्तूहूनही ओळखीचे असे एक चित्र आहे, ते म्हणजे देवाचे. या नियतकालिकाच्या कोंकणी वाचकांना मंगळूरची गणेश बिडी ठाऊक असेलच. १९४० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या धंद्याने कागदावर विघ्नहर्ता आणला, आणि तो दक्षिणेतील अनेक प्रांतांत पोचवला. संस्थापकाच्या मनात गणेश आला तो भक्तीने आला असेल. दुकानाच्या पाटीवर, वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो आपण सारेच घालतो. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. समीक्षकाने पाहावयाचे ते एवढेच, की चित्र वापरणाराचा हेतू काहीही असो, ते चित्र पाहणारावर काय करते.

ते काय करते याचे उत्तर एका खटल्याच्या कागदपत्रांत मिळते. मंगळूर गणेश बिडी वर्क्स ही भागीदारी १९८७ मध्ये विसर्जित झाली. धंदा चालता ठेवून भागीदारांतच बोली लावावयाची असे न्यायालयाने ठरविले, आणि १९९४ मध्ये ती बोली ९२ कोटी रुपयांवर गेली. पुढे या व्यवहारातील व्यापारचिन्हे, स्वामित्वहक्क इत्यादींची आयकरात वजावट कशी धरावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन १५ ऑक्टोबर २०१५ रोजी निकालात निघाला. कायद्याचा मुद्दा करापुरता होता. पण वाचकाने क्षणभर विचार करावा. बिडीला यंत्र लागत नाही. टेंभुर्णीचे पान, थोडा तंबाखू, दोरा, आणि घराच्या ओसरीवर बसलेल्या बाईची बोटे, एवढ्यावर बिडी होते. मग ९२ कोटी मुख्यतः कशाचे? नावाचे आणि चित्राचे, आणि त्या चित्रावर गरीब माणूस जो डोळे मिटून विश्वास टाकतो त्याचे. तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्या आपल्या देवळांनी, कीर्तनांनी आणि आजीच्या गोष्टींनी घडविलेला आहे. त्याच्या घडणावळीचा एक पैसाही या हिशेबात कोठे नोंदलेला नाही.

येथे वकील म्हणून थोडे कायद्याविषयी बोलणे प्राप्त आहे. २००३ च्या तंबाखूविषयक केंद्रीय कायद्याने जाहिरात बंद केली असे आपण समजतो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. कलम ५ ने वर्तमानपत्र, भिंत, फलक, पडदा या साऱ्यांवरील जाहिरात निषिद्ध केली आणि त्याच कलमाच्या परंतुकात दोन जागा मोकळ्या सोडल्या: एक दुकानाचे दार व आतील भाग, आणि दुसरी खुद्द वेष्टन. म्हणजे आज तंबाखूवाल्याची सर्वात खाजगी आणि सर्वात दीर्घजीवी जाहिरात त्याच्या पुडीवर आहे, आणि ती कायदेशीर आहे. २०१६ च्या १ एप्रिलपासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा असावा असा नियम अमलात आला. तो आमच्या कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द ठरविला, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. तेव्हा हल्लीच्या कागदावर एक विलक्षण शेजार नांदत असतो: एका बाजूस सडलेला घसा, उरलेल्या चतकोरात मंगलमूर्ती. ज्याने दोन्ही चित्रे पाहिली तो कोणावर विश्वास ठेवील? घशाचे चित्र सरकारचे, आणि सरकार त्याच्या अनुभवात दंड करणारे. गणपती मात्र घरचा.

व्यापारचिन्हांचा कायदा अडाणी ग्राहकाची काळजी घेत नाही असे मात्र म्हणता यावयाचे नाही. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये जी कसोटी मान्य केली ती सामान्य बुद्धीच्या, अर्धवट आठवण असलेल्या आणि फार सावध नसलेल्या गिऱ्हाइकाची. त्याची फसगत होऊ नये म्हणून एका चिन्हासारखे दुसरे चिन्ह चालू द्यावयाचे नाही. फार दयाळू तत्त्व आहे हे. मात्र त्याचा अर्थ नीट पाहिला तर असा निघतो, की खऱ्या गणपतीच्या जागी खोट्या गणपतीची बिडी त्या गरिबाच्या हाती पडू नये, एवढ्यासाठी न्यायसंस्था दक्ष आहे. खऱ्या गणपतीच्या बिडीने त्याचा दम लागला तर तो प्रश्न या शाखेचा नव्हे.

धार्मिक भावना दुखावणारे चिन्ह नोंदू नये असे १९५८ च्या कायद्यातही होते, १९९९ च्या कायद्याच्या कलम ९ मध्येही आहे. गंमत पाहा: गणेश बिडीच्या निकालानंतर अवघ्या बारा दिवसांनी, त्याच ऑक्टोबर २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘रामायण’ हे नाव उदबत्तीचे व्यापारचिन्ह म्हणून कोणा एकास मक्त्याने घेता येणार नाही असा निर्णय दिला, धर्मग्रंथाचे नाव कोणा एकाचे नसते. दोन खटल्यांतील प्रश्न वेगळे होते हे कायदा जाणणारास सांगावयास नको. पण सामान्य वाचकाच्या मनात या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की जो प्रश्न उठतो तो भाबडा नाही. देवापुढे जळणाऱ्या उदबत्तीवर ग्रंथाचे नाव घेताना आपण इतका विचार करतो. छातीत जळणाऱ्या पानाच्या कागदावर देव घेताना कोणाची भावना दुखावली?

दुखावली, एकदा दुखावली; आणि ते प्रकरण या लेखाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात साबळे-वाघिरे कंपनीची ‘संभाजी बिडी’ अनेक दशके विकली जात होती. औरंगजेबाच्या छळापुढे ज्याने मान तुकविली नाही त्या छत्रपतींचे नाव माणसे पायाखाली विझवीत होती. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आहे, म्हणून ते व्यापारास वापरता येत नाही. पुत्राचे नाव त्या यादीत नव्हते. २०२० मध्ये या नावाविरुद्धच्या आंदोलनाने जोर धरला, कंपनीने नाव सोडण्याचे जाहीर केले, आणि पुढे तीच बिडी ‘साबळे बिडी’ या नावाने बाजारात आली. आंदोलकांनी विजय मानला. विजय होताच, एका राजाचे नाव त्या कागदावरून उतरले यात मलाही समाधान आहे.

परंतु त्या विजयाचे स्वरूप काय होते? कागद बदलला, पान तेच राहिले. नाव घेऊन बिडी ओढणारा आता नाव न घेता ओढू लागला. आंदोलनाच्या भाषणांत आणि निवेदनांत नावाचा अपमान होता, इतिहास होता, अस्मिता होती. तो कट्टा विकत घेणाऱ्या हमालाचे फुप्फुस त्या चर्चेच्या केंद्रस्थानी कधी आले नाही. हा दोष कोणा एका संघटनेचा नव्हे, आपल्या एकंदर वृत्तीचा आहे. देवाचे किंवा वीराचे चित्र मळले की आपण खवळून उठतो, पण ज्या माणसाला त्या चित्राने ओढून नेले तो मळला काय, झिजला काय, याची चौकशी करीत नाही. उद्या मंगळूरच्या कागदावरून गणपती उतरविला आणि त्या जागी एखादे कमळ छापले, तर आपल्यापैकी बहुतेकांचे समाधान होईल अशी मला भीती वाटते.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट अमेरिकेतील आहे. रेनॉल्ड्स नावाच्या कंपनीने १९८९ च्या अखेरीस ‘अपटाउन’ ही पुदिन्याच्या स्वादाची सिगारेट काढावयाचे ठरविले. ती काळ्या लोकांसाठी आहे हे तिने लपविलेही नाही, आणि पहिली चाचणी फिलाडेल्फिया शहरात घ्यावयाची होती. तेथील काळ्या वस्तीतील चर्चचे पाद्री, आरोग्य-कार्यकर्ते आणि मोहल्ल्यांतील मंडळ्या एकत्र आल्या. अमेरिकन केंद्र सरकारचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन, जे स्वतः काळे होते, त्यांनी जानेवारी १९९० मध्ये त्याच शहरात जाऊन कंपनीवर जाहीर टीका केली. दुसऱ्या दिवशी कंपनीने सिगारेट मागे घेतली. ती बाजारात आलीच नाही. त्या मंडळींची मागणी नाव बदलण्याची नव्हती. आमच्या दुबळेपणावर नेम धरून तुम्ही हा माल काढलात, तेव्हा माल न्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्या समाजातील धूम्रपान थांबले असे नाही. पुदिन्याच्या इतर सिगारेटी तेथे खपतच राहिल्या. पण उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायास आपल्यातील दरिद्री माणसाच्या देहाचा अभिमान वाटू शकतो, हे त्या लोकांनी दाखवून दिले.

बिडीच्या कागदावर निदान देव उघड बसलेला असतो. गुटख्याच्या जाहिरातीने त्याहून कुशल काम केले आहे. तिने देव घेतला नाही, देवाची पूजासामग्री घेतली. केशर, वेलदोडा, चंदन, गुलाब, केवडा आणि मुख्य म्हणजे सुपारी, ही सारी सामग्री आपल्या देवघरातली. पूजेच्या अखेरीस विडा अर्पण होतो. गणपतीची मूर्ती नसेल तेथे सुपारीलाच गणपती मानतात. त्या विड्यात तंबाखू नाही, कधी नव्हता. तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला. अकबराचा अधिकारी असद बेग याने १६०४ च्या सुमारास तो आमच्याच शेजारच्या विजापुरात पाहिला आणि बादशहाकडे नवलाई म्हणून नेला, जहांगिराने १६१७ मध्ये त्यावर बंदी घातली. एवढा अलीकडचा पाहुणा पुडीत शिरताना विड्याची वस्त्रे नेसून शिरला. कामगार जेव्हा पुडी फोडतो तेव्हा आपण काही अमंगळ करतो आहोत असे त्याला वाटत नाही. जेवणानंतरचा विडाच तो समजतो. (खुद्द सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तिला कर्करोगजनक ठरविले आहे. देवापुढे ठेवलेल्या सुपारीची गोष्ट वेगळी, ती चावली जात नाही.)

‘ऊँचे लोग, ऊँची पसंद’ हे माणिकचंदचे घोषवाक्य एके काळी रस्तोरस्ती दिसे. चित्रपट-पारितोषिकांच्या सोहळ्यालाही त्या नावाची जोड होती. चार शब्दांचे हे वाक्य मी फार समर्थ लेखन मानतो, आणि तितकेच निर्दय. ज्या पुडीची किंमत रुपया, ती उंच लोकांची आवड कशी असेल? पण वाक्य उंच लोकांसाठी लिहिलेलेच नव्हते. दिवसभर ज्याला कोणी अहोजाहो करीत नाही त्याला एका रुपयात घटकाभर उंची विकणारे ते वाक्य आहे. कोंकणी वाचकांसाठी आणखी एक: एका गुटख्याने ‘गोवा’ हेच नाव घेतले होते, आणि गोव्याच्या विधानसभेने २००५ मध्ये गुटख्यावरच कायद्याने बंदी घातली. २०१६-१७ च्या पाहणीत गोव्यात तंबाखू सेवन करणारे ९.७ टक्के, कर्नाटकात २२.८ आणि महाराष्ट्रात २६.६. ज्या प्रदेशाचे नाव पुडीवर मिरवले तोच प्रदेश पुडीपासून अधिक दूर राहिला.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखा बंद केला. मग व्यापाराने पुडीचे दोन भाग केले: एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, दोन्ही एकाच दोरीस लटकत. ग्राहकाने तळहातावर एकत्र करावे. गुन्हा कोणाचाच नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या युक्तीची दखल घेऊन बंदी काटेकोर पाळण्याचे आदेश दिले. तरी पानमसाल्याच्या निर्दोष नावाने जाहिरात चालूच राहते, आणि नट मंडळी वेलची किंवा केशर चघळताना दिसतात. केशराचा भाव आणि पाच रुपयांची पुडी यांचा त्रैराशिकाने हिशेब घालावा असे कोणाला वाटू नये, हे त्या जाहिरातीचे यश. जयपूरच्या ग्राहक आयोगापुढे २०२५ मध्ये एका तक्रारदाराने नेमके हेच विचारले, आणि तीन नामांकित नटांना नोटिसा निघाल्या. आम्हा समीक्षकांना जे सुचावयास हवे होते ते एका ग्राहकाला सुचले.

आता दुसरी बाजू. बिडीवर बोलताना पोटावर पाय येतो, ही ओरड खोटी नव्हे. सोलापुरात हजारो पद्मशाली बायका घरी बसून बिड्या वळतात. निपाणीच्या काळ्या मातीत तंबाखू हेच नगदी पीक; १९८१ मध्ये रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी रस्त्यावर बसला तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत खोकणाऱ्या बायकांचे हाल ज्यांनी ऐकले आहेत त्यांना मी नीतीचे पाठ देणार नाही. पण या माणसांची ढाल पुढे करून बोलतो कोण, तेही पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने सिगारेट, गुटख्यास ४० टक्क्यांचा दर ठरविला आणि बिडीचा २८ वरून १८ वर आणला. कारण वळणाऱ्या बाईचे सांगितले जाते. तिची मजुरी या दहा टक्क्यांनी वाढेलच असे कोणताही कायदा म्हणत नाही. कट्टा मात्र स्वस्त राहतो, आणि तो बहुधा तिचाच नवरा ओढतो.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या देवस्थानाच्या पंचमंडळात किंवा उत्सव-समितीत आहेत. दत्तजयंतीस माणिकनगरी, वीरभद्रेश्वराच्या जत्रेस खुद्द हुमनाबादेत किती माणूस लोटतो हे त्यांनी पाहिले आहे. आणि त्या गर्दीत कोणत्या वर्गाची संख्या अधिक असते तेही. तंबाखू विकणारासही हे ठाऊक आहे. म्हणून त्यांच्यासाठी कायद्याची दोन कलमे सांगून ठेवतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. देवळाभोवती मात्र कायद्याने असे अंतर आखलेले नाही. तेव्हा ते देवस्थानाने स्वतः आखावयाचे. जत्रेतील जागा भाड्याने देताना करारपत्रात ‘या जागेत बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा अथवा पानमसाला विकणार नाही, त्याचा फलक लावणार नाही, लावल्यास अनामत जप्त’ एवढी ओळ घातली तरी ती न्यायालयात टिकण्याजोगी आहे.

दुसरे, २००३ च्या कायद्याच्या कलम ५ चे तिसरे पोटकलम देणग्यांविषयी आहे. देणगी, भेट किंवा पुरस्कार यांच्या मोबदल्यात तंबाखूच्या मालाचा अथवा त्याच्या व्यापारनामाचा प्रसार करणे हा गुन्हा आहे, आणि तो देणगी घेणाराकडून घडतो. पहिल्या दोषसिद्धीस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, दुसऱ्या वेळी पाच वर्षे आणि ५००० रुपये. मंडपाच्या कमानीवर कोणाचे नाव रंगवावयाचे हे ठरविताना समितीच्या सभेत हे पोटकलम एकदा वाचून दाखवावे, आणि पानमसाल्याच्या नावाने आलेल्या देणगीच्या पावतीवर त्याच नावाचा तंबाखूही बाजारात आहे काय, हे पाहूनच सही करावी.